दलदलीतली टोळी रचताना आधी गोड्या पाण्याचा हिशोब करा

तुमचा प्रश्न असा: कल्पनारम्य कादंबरीसाठी खाऱ्या दलदलीत राहणारी दरोडेखोरांची टोळी हवी आहे, तर तिचं नाव, वेश, शस्त्रं आणि डावपेच कसे ठरवावेत?

नाव आणि वेश सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ही माणसं काय पितात ते ठरवा. बहुतेक लेखक इथेच चुकतात, आणि मग दलदलीतली टोळी म्हणजे रानातलीच टोळी, फक्त गुडघाभर पाण्यात उभी केलेली, असं होतं.

१२ माणसांची टोळी धरा. दमट उष्म्यात वल्हवणाऱ्या माणसाला पिणं आणि भात शिजवणं मिळून रोज निदान ४ लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज ४८ लिटर, आठवड्याला ३३६. तेवढेच किलो वजन, शिवाय मडकी किंवा पिंपं. माणशी अर्धा किलो तांदूळ धरला तर आठवड्याला ४२ किलो. खारी दलदल मासे, खेकडे, मध आणि लाकूड देते. तांदूळ, गोडं पाणी, लोखंड, औषध तिथे मिळत नाही. ते काठावरचा कुणीतरी व्यापारी पोचवतो, आणि टोळीची खरी दोरी त्याच्याच हातात असते. तुमचा खलनायक तिथे शोधा.

टोळी लहान ठेवा. बंगालच्या उपसागराकाठचं सुंदरबन हे याचं उत्तम उदाहरण. भारत आणि बांगलादेश मिळून साधारण १०,००० चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे ६० टक्के भाग बांगलादेशात. तिथल्या टोळ्या, म्हणजे ‘बाहिनी’, मासेमारांना आणि मध काढणाऱ्यांना पळवून खंडणी घेत. आधीच पैसे भरणाऱ्याला टोकन मिळे, ते दाखवलं की नाव सोडून देत. २०१६ पासून या टोळ्या शरण येत गेल्या आणि १ नोव्हेंबर २०१८ रोजी बांगलादेशाने आपलं सुंदरबन दरोडेखोरमुक्त जाहीर केलं. शरण आले ते ३२ टोळ्यांचे ३२८ जण. म्हणजे टोळीमागे सरासरी १० माणसं. एवढ्या मोठ्या कांदळवनात एवढीशी टोळी पुरत होती, तेव्हा तुमच्या नकाशावर २०० जणांची छावणी मांडलीत तर ती जगणार नाही.

ओलीसही पाणी पितात हे विसरू नका. पाच जण धरून आणले की रोजचे २० लिटर वाढले. त्यामुळे खंडणीची मुदत सरदाराच्या रागावर ठरत नाही, पिंपातल्या पाण्यावर ठरते. व्यापाऱ्याची नाव दोन दिवस उशिरा आली तर ओलिसांचं काय करायचं, यावर टोळीत फूट पडू शकते. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता हल्ला. झाडावरून उडी मारणं, पाण्यातून अचानक डोकं काढणं, हे सोडून द्या. खाडीत हल्ला ओहोटी करते, माणसं फक्त वेळेवर हजर असतात. भरती ते ओहोटी साधारण सहा तास. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उतार ४ मीटरचा असेल तर तिसऱ्या एका तासात अख्खं मीटरभर पाणी जातं.

आता नाल्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा कल्पा, ज्यावर भरतीला अडीच मीटर पाणी असतं. दोन तासांनी दीड मीटर उरेल, अडीच तासांनी एक मीटर. मालाने भरलेली नाव मीटरभर बुडत असेल तर ती इथे रुतली. टोळीच्या हलक्या होड्या वीतभर पाण्यात तरंगतात, त्यांना आणखी पाऊण तास मिळतो. या ४५ मिनिटांत माल उतरवून उंचवट्यापलीकडे जायचं. जमलं नाही तर पाणी परत येईपर्यंत जवळजवळ सहा तास लुटारू आणि लुटलेले एकाच चिखलात. लिहिण्यासारखा प्रसंग तो आहे.

यातून दिवसही ठरतात. उतार मोठा हवा म्हणून उधाणाचे दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे. त्यातही अंधारासाठी अमावास्या. अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या, म्हणजे सगळ्यात लहान भरतीत त्या उंचवट्यावरून पुरेसं पाणी उतरतच नाही, तेव्हा टोळी जाळी विणते, होड्यांना डांबर लावते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सरदाराला एकवेळ तलवार चालवता नाही आली तरी चालेल, हा हिशोब तोंडपाठ हवा.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. शिंग आणि स्नायू सरसाने चिकटवलेली धनुष्यं दमट हवेत उकलतात. एकसंध लाकडाचं धनुष्य आणि मेण लावलेली दोरी द्या. साखळ्यांचं चिलखत खाऱ्या पाण्यात गंजतं, आणि पडलेल्या माणसाला वर येऊ देत नाही. कोयता, मासे मारायचा भाला, जाळं आणि होडी रेटायचा लांब बांबू पुरे. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं तळव्यात घुसतात, म्हणून धावत पाठलाग लिहू नका. पाय सलग दोन-तीन दिवस ओले राहिले तर कातडी सडते. रात्री कोरडी जागा आणि पायाला तेल हा टोळीचा पक्का नियम असायला हवा. ओल्या लाकडाचा धूर लांबून दिसतो, म्हणून स्वयंपाक रात्री, तोही होडीतल्या मातीच्या चुलीवर.

“कल्पित जग आहे, तिथे पाण्याचा हिशोब कशाला?” हे मत पात्रं रंगवून खेळायच्या कल्पनारम्य खेळांच्या टेबलावरही ऐकू येतं आणि लेखकांच्या गप्पांतही. मला ते अजिबात मान्य नाही. समजा टोळीत एक चेटकी आहे आणि ती खारं पाणी गोडं करते. मग व्यापाऱ्याची पकड गेली, खंडणीची मुदत गेली, आणि टोळीची खरी मालकीण ती झाली. सरदार तिला दुखवू शकत नाही, शेजारच्या टोळ्या तिला पळवायला टपल्या आहेत. हिशोब आधी मांडलात तरच जादूला किंमत येते.

श्रद्धाही द्या, पण टोळीसाठी वेगळा काळा देव बनवू नका. सुंदरबनात हिंदू आणि मुसलमान दोघंही बनबीबी या वनदेवीला साद घालून रानात शिरतात, कारण दक्षिणराय हा राक्षस वाघाच्या रूपात येतो ही भीती सगळ्यांचीच. तुमचे लुटारूही ज्यांना लुटतात त्यांच्याच देवीला भिऊन असू देत.

हे सगळं भरती-ओहोटीच्या खाऱ्या दलदलीचं झालं. गोड्या पाण्याची, लव्हाळ्यांची दलदल असेल तर पाण्याचा प्रश्न सुटतो आणि त्या जागी हिवताप येतो. भरतीऐवजी पूर आणि उन्हाळा मोजावा लागतो. मोठी फौज हवीच असेल तर दक्षिण इराकमधलं झंज, म्हणजे आफ्रिकी गुलामांचं बंड पाहा. ते ८६९ ते ८८३ टिकलं, ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटलं. पण त्यांच्या ताब्यात कालवे होते आणि मुख्तारा नावाचं स्वतःचं शहर होतं. तसं काही रचलंत तर ती टोळी राहत नाही, राज्य होतं, आणि मग कर कोण गोळा करतो हेही ठरवावं लागेल.

नाव सरदाराच्या धंद्यावरून किंवा टोपणनावावरून ठेवा, सुंदरबनात ‘मास्टर बाहिनी’ होती तसं. वेश म्हणाल तर मासेमारांचाच. वेगळा दिसणारा माणूस काठावरच्या बाजारात तांदूळ घ्यायला जाऊ शकत नाही.