मॅक्रोला गेरची सुट्टी कशी कळवायची?

प्रश्न: मी इंदूरला राजवाड्याजवळ एका पेढीत अकाउंट्स बघते. एक्सेलचा मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) रोज आदल्या कामाच्या दिवसाची शीट उघडतो, पण त्यात नुसतं आजची तारीख वजा 1 केलंय, त्यामुळे सोमवारी तो रविवारची शीट शोधतो आणि गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी तर विचारूच नका. काय करू?

उत्तर: अहो ताई, वजा एकचा नाद सोडा. मॅक्रोमधे वर्कशीटफंक्शनचं वर्कडे हे कामाचे दिवस मोजणारं फंक्शन वापरा, त्याला तीन गोष्टी द्यायच्या, आजची तारीख, उणे 1 आणि सुट्ट्यांची रेंज. गेरची सुट्टी एक्सेलला कोण सांगणार, ती आपणच यादीत टाकायची. म्हणजे 2025 ची रंगपंचमी 19 मार्चला, बुधवारी होती, ती यादीत असली की 20 तारखेला उत्तर 18 मार्च येतं. फक्त ते 45734 असं दिसलं तर घाबरू नका, तारीखच आहे ती, सीडेट (आकड्याची तारीख करणारं फंक्शन) लावा.

वर्कडे शनिवार-रविवार दोन्ही गाळतं. तुमची पेढी शनिवारी उघडी असेल (आपल्याकडे असतेच!) तर वर्कडे.इंटल घ्या आणि वीकएंडचा कोड 11 द्या, म्हणजे फक्त रविवार सुट्टी. मॅक्रोत त्या टिंबाच्या जागी अंडरस्कोर येतो, मी स्वतः यात अर्धी दुपार घालवलीय. बँकेच्या तारखा हव्या असतील तर दुसरा-चौथा शनिवारही यादीत घाला. यादीतली एखादी तारीख सेलमधे डावीकडे चिकटलेली दिसली तर ती बहुधा टेक्स्ट आहे, पुन्हा टाइप करा.