०.८४ टक्क्यांत आमची मुलं कुठं बसतात?

बालगरिबी कशी मोजतात यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच आज घेते.

प्रश्न (साखळी): गोव्यात गरिबी एक टक्क्याच्या पण आत आली असं वाचलं. मग आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत एवढी किरकोळ मुलं कशी दिसतात? नक्की खोटं कोण बोलतंय?

खोटं कोणीच बोलत नाहीये. तुम्ही वाचलेला आकडा नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाचा, २०१५-१६ मध्ये गोवा ३.७६ टक्के होता तो २०१९-२१ ला ०.८४ वर आला. यात पगार, कमाई असलं काही विचारत नाहीत, आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून १२ गोष्टी बघतात, प्रत्येकीला ठरलेलं वजन असतं आणि उणिवांची बेरीज एक तृतीयांश झाली तरच ते घर गरीब धरतात. आता धरा, घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि वयाच्या मानाने त्याची उंची फारच कमी आहे. पोषणात उणीव लागली, तिचं वजन एक षष्ठांश. पण गॅस आहे, लाईट आहे, संडास आहे, नळ आहे, बँकेत खातं आहे, मोठी बहीण शाळेत जाते. झालं, बेरीज एक षष्ठांशावरच थांबली, घर गरीब नाही. मूल मात्र खुजंच राहिलं.

आणि हे एखाददुसऱ्या घरापुरतं नाही हो. हा निर्देशांक ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून काढतात त्याच सर्वेक्षणात गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेलं. तीच वर्षं, तेच राज्य! खुजेपणा फक्त पैसे नाहीत म्हणून येतो असं नाही, आईच्या अंगात रक्त कमी, बाळाला सारखे जुलाब, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं उशिरा आणि पातळ, अशी बरीच कारणं असतात. पण घराची गरिबी मोजली म्हणजे मुलाची मोजली असं होत नाही, हे मी जिथं जाते तिथं सांगते. तुम्ही अंगणवाडीत जे बघताय ते बरोबर बघताय.

प्रश्न (डिचोली): खाण बंद झाल्यावर आमच्यासारख्यांची कमाई गेली, मुलांची ट्यूशन पण बंद केली. आमची नोंद कुठल्या आकड्यात होते?

वाईट वाटतं सांगायला, पण वरच्या निर्देशांकात बहुतेक कुठंच नाही. त्यात मालमत्तेचा एक रकाना आहे आणि दारात कार किंवा ट्रक असला की त्या रकान्यात उणीव धरतच नाहीत. २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा तुमच्या भागात किती अंगणात खनिज वाहणारे ट्रक नुसते उभे होते, टायरवर वेली चढलेल्या, कर्जाचे हप्ते चालू. मोजणीत ते घर सुस्थितीतलं. असा अचानक बसलेला फटका दिसायचा तर खर्चाची पाहणी लागते. गरिबीरेषा कशी काढायची ते ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ ला गोव्यात ५.०९ टक्के लोक गरिबीरेषेखाली होते, ती मोजणी खर्चावर होती. तिच्यानंतर सरकारने नवी अधिकृत रेषा काढलीच नाही, ही मला खरंच मोठी चूक वाटते.

प्रश्न (मडगाव): बाहेरचे देश कसं मोजतात?

ब्रिटनमध्ये सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातली मुलं गरीब धरतात. अडचण अशी की मंदीत सगळ्यांचंच उत्पन्न उतरलं की ती रेषा पण खाली येते आणि कोणाच्या ताटात एक पोळी वाढली नसताना गरिबी कमी झालेली दिसते, तिथं २०१०-११ ला तसंच झालं. म्हणून एका मापावर भागत नाही. न्यूझीलंडने २०१८ च्या कायद्यात दहा मापं घातली आणि दर बजेटला हिशेब द्यायचं बंधन सरकारवर टाकलं. मला हे सगळ्यात पटतं. अमेरिकेत मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवली तेव्हा २०२१ ला बालगरिबी पूरक मापाने, म्हणजे सरकारी मदत आणि करसवलत पण उत्पन्नात धरून, ५.२ टक्के होती, ती वाढीव मदत काढून घेतल्यावर २०२२ ला १२.४. एका वर्षात! नियमित मोजत होते म्हणून तर ते लगेच दिसलं.

प्रश्न (वास्को): बिल्डिंगच्या साइटवर राहणाऱ्या कामगारांची मुलं यात येतात का?

फार कमी. सर्वेक्षणाचे भाग २०११ च्या जनगणनेवरून निवडलेले, आणि पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिने राहून पुढच्या साइटवर जाणारं कुटुंब सापडणार कसं? त्यात गोव्यात एकूण १,८५६ घरंच पाहिलेली, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या फरकावर जास्त खूश होऊ नये.

प्रश्न (सत्तरी): ग्रामसभेत नेमकं काय विचारू?

टक्केवारी विचारू नका, मुलं विचारा. अंगणवाडीत पाच वर्षांखालची नावं किती, गेल्या महिन्यात उंची आणि वजन दोन्ही घेतलं अशी किती, त्यातली खुजी किती, आणि त्यातली गेल्या वर्षी पण खुजी होती अशी किती. हा शेवटचा आकडा नक्की लिहून घ्या. आणि जमलं तर मोजणीच्या दिवशी स्वतः जाऊन बसा. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून मोजायचं असतं, एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हळूच सरळ करायचे. बाळ रडतं, ताई एकटी असते, मग उभं धरूनच उरकतात, आणि तेवढ्यानं साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. तुम्ही डोकं धरायला बसलात तरी ताईला मोठी मदत होईल.