लॅपटॉपसोबत आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवावं की काढून टाकावं?

नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीचं अ‍ॅप आधीच आहे, सारखी नोटिफिकेशनं येतात, मित्र म्हणतोय उडवून टाक, असं तुम्ही लिहिलंय. उडवायच्या आधी त्यात चार्जिंगचं लिमिट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरण्याआधीच चार्जिंग थांबवायची सोय, कुठे आहे तेवढं बघा. माझा निर्णय त्या एका सेटिंगवर झाला.

मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गूळ अडत्यांचे हिशेब बघतो. हंगामात लॅपटॉप सकाळी टेबलावर येतो तो रात्रीपर्यंत चार्जरलाच. आधीच्या लॅपटॉपमधलं कंपनीचं सगळं मी पहिल्याच दिवशी काढलं होतं. अडीच वर्षांनी टचपॅड वर आला, क्लिक होईना. राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्यानं खालचं झाकण उघडलं तर बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली. त्यानं पहिलं विचारलं, "८० टक्क्यांचं लिमिट लावलं नव्हतं काय?"

लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्क्यांवर, त्यातून गरम राहिली, की लवकर खराब होते. चार्जिंग कुठे थांबवायचं हे मदरबोर्डवरचा कंट्रोलर ठरवतो, आणि त्याला ते सांगायची सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये सहसा नसते. ते काम कंपनीचं अ‍ॅप करतं. लेनोवो व्हँटेजमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड' बघा, मायआसुसमध्ये बॅटरीचा विभाग उघडा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत हे बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्येही असतं. तिथे मिळालं तर अ‍ॅपवाचून अडत नाही.

तुमच्या मित्राची भीती मात्र खोटी नाही. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांत आधीच टाकलेलं 'सुपरफिश' सापडलं. जाहिराती घुसवण्यासाठी ते सुरक्षित वेबसाइटींचं कनेक्शनसुद्धा मध्येच उघडत होतं. २०१९ मध्ये डेलच्या सपोर्टअसिस्टमध्ये बाहेरच्याला लॅपटॉपवर हवं ते चालवता येईल अशी त्रुटी निघाली, मग कंपनीनं ती दुरुस्त केली. या अ‍ॅपांना लॅपटॉपमध्ये खोलवर हात घालायची परवानगी असते, त्यामुळे ठेवायचं तर अपडेट करतच राहायचं. ठेवून विसरून जाणं सगळ्यात वाईट.

मी आता बॅटरी आणि बायोस अपडेट सांभाळणारं एकच अ‍ॅप ठेवलंय, नोटिफिकेशन बंद करून. बायोस अपडेट चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच करा. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस, गेम, खरेदीची अ‍ॅप बिनधास्त काढा. अँटिव्हायरस काढला की विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

एक चूक टाळा. यादीत 'हॉटकी' किंवा 'सिस्टम कंट्रोल इंटरफेस' अशा नावाचं काही दिसलं तर त्याला हात लावू नका. ते गेलं की ब्राइटनेसची, माईकची बटणं बंद पडू शकतात.

लॅपटॉप रोज कॉलेजला नेत असाल आणि दिवसभर बॅटरीवरच चालवत असाल, तर लिमिटचा तेवढा उपयोग नाही. मग अ‍ॅप काढलंत तरी चालेल. व्हँटेज आणि मायआसुस मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून पुन्हा घेता येतात. मॉडेल कळवा, सेटिंग नेमकी कुठे आहे ते बघून सांगतो.