हेडरेस्ट मान पुढं ढकलतं, मग उलटं बसवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी सात सीटांची गाडी घेतलीय, महिन्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे होतं, आणि आईंना सीटला डोकं टेकताच येत नाही. अंबाडा मध्ये येतो, मान पुढं झुकते, सातारा येईपर्यंत खांदे भरून येतात. शेजारच्यांनी सुचवलंय की हेडरेस्ट उपसून उलटं बसवा.

नका करू. मी हे स्वतः करून बसलोय.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं सीट-कुशनचं काम आहे, बावीस वर्षं झाली. वडापच्या, म्हणजे सीटवारी माणसं भरणाऱ्या, जीपपासून नव्या कोऱ्या गाड्यांपर्यंत सगळ्यांच्या गाद्या उसवून शिवल्यात. सहा वर्षांपूर्वी आमच्याच गाडीचं पुढचं हेडरेस्ट घरच्या मंडळींना टोचायला लागलं. उंची पाच फूट, केस कमरेपर्यंत. मी दोन मिनिटांत उलटं करून दिलं. ती खूश, म्हणाली, तुमच्या धंद्याचा घरात पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. चार महिन्यांनी पुण्याहून परत येताना किणी टोलनाक्याच्या रांगेत आम्ही जवळजवळ थांबलेलो, आणि मागून एका टेम्पोनं ठोकर दिली. फार जोरात नाही. बंपर गेला, डिकीचं दार चेपलं, एवढंच. मला काही झालं नाही. हिला मात्र रात्री मान वळवता येईना. पुढं सहा आठवडे मानेला पट्टा. डॉक्टरांनी विचारलं, डोक्याच्या मागं आधार होता का? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

हेडरेस्ट हे नावच फसवं आहे. आपल्याला वाटतं, डुलकी लागली की डोकं टेकायची ती उशी. तिचं खरं काम मागून धडक बसली की डोकं आवरायचं. धडकेत सीट पाठीला पुढं ढकलते, पण डोकं जागच्या जागीच राहायला बघतं. प्रौढ माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. धड पुढं गेलं आणि डोकं मागं राहिलं की मधल्या मानेला जो हिसका बसतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बसून जातो. डोक्यामागं चार-पाच सेंटिमीटरवर काही असेल तर ते डोक्याला लगेच झेलतं. अंतर जेवढं जास्त, तेवढा हिसका मोठा. हेडरेस्ट उलटं केलं की हेच अंतर वाढतं. शिवाय बहुतेक गाड्यांत लॉकच्या खाचा एकाच दांडीवर असतात. उलटं बसवल्यावर लॉक खाचेत पडत नाही, आणि हेडरेस्ट नुसतं घट्टपणावर उभं राहतं. वरून दाबलं की सरळ खाली.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटांना हे सक्तीचं झालं. पुढं नियम कडक होत गेले, हेडरेस्ट डोक्याच्या जवळ आणा म्हणाले, आणि कंपन्यांनी ती पुढं झुकवली. टोचण्याचं मूळ इथं आहे. क्रॅश टेस्टमध्ये जो ठरावीक पुतळा बसवतात तो सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाच्या पुरुषाच्या बांध्याचा असतो. सीटची मापंही साधारण तशाच बांध्यावर बेतलेली, तीही पाठ चांगली पंचवीस अंश मागं रेललेली धरून. पाच फुटांची बाई, ताठ पाठीनं बसलेली, मागं अंबाडा, हा हिशोब त्यात कुणी धरलेला नाही. आईंचं काही चुकत नाहीये.

आता करायचं काय ते सांगतो. पहिलं म्हणजे सीटकव्हर काढून बघा. माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगतोय, पण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. जाड फोमचं कव्हर हेडरेस्टवर चढलं की अर्धा-पाऊण इंच तिथंच पुढं येतो. त्यावर कुणीतरी हौसेनं मानेची उशी अडकवलेली असते, म्हणजे अजून दोन इंच. हे सगळं काढल्यावर मान किती पुढं जाते ते बघा, मगच कंपनीला शिव्या द्या. कव्हर परत घालायचंच असेल तर सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली चिठ्ठी शिवलीय का बघा. असेल तर त्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे. तिला फुटून बाहेर यायला जागा लागते. साधं सगळीकडून आवळलेलं कव्हर तिथं चालत नाही, त्या बाजूला मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेलंच लागतं.

मग पाठीचा कोन. आपल्याकडं, विशेषतः वयस्कर माणसांना, सीट काटकोनात उभी लागते. पाठ उभी केली की तिच्यावरचं हेडरेस्टही तेवढंच पुढं येतं आणि मग मान खाली. आईंना आधी ढुंगण सीटच्या अगदी मागच्या सांध्यापर्यंत सरकवायला सांगा आणि पाठ दोन-तीन खाचा मागं घ्या. कमरेमागं पोकळी राहत असेल तर पंचाची घडी घाला, फार जाड नको. कंबर भरली की धड थोडं पुढं येतं आणि मानेवरचा रेटा कमी होतो. तीनशे रुपयांच्या जाळीच्या पाठटेकणीपेक्षा पंचा बरा, तो कमी-जास्त करता येतो.

हेडरेस्ट खाली दाबून ठेवू नका, वर घ्या. वरची कड डोक्याच्या टाळूच्या पातळीत आली पाहिजे, निदान कानांच्या वर तरी. खाली असताना त्याचा फुगीर भाग मानेच्या खळीत बसतो, आणि टोचतो तो बहुतेक वेळा तिथंच. काही गाड्यांत हेडरेस्ट पुढं-मागंही कलतं. कटकट करत एकेक खाच पुढं येतं, पण मागं ढकललं तर जात नाही. लोकांना वाटतं अडकलं. ते शेवटच्या खाचेपर्यंत पुढं ओढा, तिथं सुटतं आणि एकदम मागं जातं. गिऱ्हाइकाला हे दाखवलं की तो मला पैसे विचारतो आणि मी चहा सांगतो.

अंबाड्याला माझ्याकडं औषध नाही. घरी आम्ही तोडगा काढला तो असा: गाडीत वेणी, खांद्यावरून पुढं घेतलेली, आणि उतरल्यावर अंबाडा. तुमच्या आई ऐकतील का, ते तुम्हाला ठाऊक. पण क्लचर लावून बसू देऊ नका. धडकेत ते कडक प्लास्टिक डोकं आणि हेडरेस्टच्या मध्ये असतं.

मधल्या आणि शेवटच्या रांगेत वेगळीच गंमत असते. तिथली हेडरेस्टं खाली बसवलेली असताना पाठीत खुपतात, आणि ती मुद्दाम तशी केलेली असतात, म्हणजे माणूस वैतागून वर ओढेल. आपण वैतागून काढून टाकतो आणि माळ्यावर ठेवतो. शेवटच्या रांगेत फरशी उंच आणि सीट खाली, त्यामुळं गुडघे छातीशी येतात, मांडीला आधार मिळत नाही आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. यावर फोम घालून इलाज होत नाही. आईंना तिथं बसवतच असाल तर उद्यापासून नातवाशी जागा बदला.

फोमचं म्हणाल तर पूर्वी सीटमध्ये काथ्या असायचा, आता साच्यात ओतलेला फोम असतो. दबला असेल तर आम्ही खालून चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे घट्ट फोमचा, थर देतो, एक इंचाच्या आत. लोक म्हणतात, दोन-तीन इंच टाका की, बाहेरचं चांगलं दिसेल. सीट उंचावली की डोकं हेडरेस्टच्या वर जातं आणि पट्टा ओटीपोटाची हाडं सोडून पोटावर सरकतो. पैसे देऊन गाडी बिघडवल्यासारखं. एकाच बाजूला कललं तर आधी गादी उलटी करून खालची नागमोडी स्प्रिंग बघा, बऱ्याचदा एखादा हूक निसटलेला असतो.

मात्र हेडरेस्ट आपोआप खाली येत असेल, किंवा लिव्हर लावूनही पाठ डुगडुगत असेल, तर माझ्यासारख्याकडं येऊच नका. तो लॉकचा दोष आहे. वॉरंटीत असेल तर लेखी तक्रार द्या, आणि टोलवाटोलवी केली तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. रिक्लायनरला, म्हणजे सीटची पाठ मागं-पुढं करणाऱ्या सांध्याला, कुणी वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढा.

जाता जाता एक: हेडरेस्ट काच फोडायलाच दिलंय, म्हणून ते सुटं असतं, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो. ते सुटं असतं ते उंची बदलायला आणि सीट दुमडायला.

पुढच्या वेळी गाडी घेताना शोरूमवाला कावळा नाक्याला वळसा घालून आणेल, तेवढ्यावर हो म्हणू नका. आईंना पुढं बसवून पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणा. आणि हो, अंबाडा घालूनच न्या.