इपॉक्सी फ्लोअर करताय? आधी तापमान बघा

पहिल्यांदाच करताय, तर रंगाच्या शेडपेक्षा तापमानाकडे लक्ष द्या. हवेच्या नव्हे, कोब्याच्या. नेहमीचं इपॉक्सी (रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा घटक, मिसळून जमिनीवर ओतायचा थर) १० अंश सेल्सिअसखाली नीट सेट होत नाही. वर चिकट, तेलकट थर येतो आणि पुढचा कोट त्यावर धरत नाही. कोबा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं) किमान ३ अंश गरम हवा.

उन्हाळ्यात उलटं. हार्डनर मिसळलेला माल बादलीत राहिला की आपोआप तापतो, बादलीला हात लाववत नाही आणि बघता बघता आत दगड होतो. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. म्हणून:

- थोडाच माल कालवा
- कालवल्या कालवल्या जमिनीवर ओता

सेट झालेलं इपॉक्सीही साधारण ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागतं, उघड्या उन्हात पिवळं पडतं. गच्चीवर नकोच. आधी सावलीतली एक खोली करा, नक्की जमेल.