नदीवर पीएचडी करायला जर्मनीत यायचं असेल तर

सायली,

तू विचारलंस, "ताई, एम.टेक. झालंय, धरणांमुळे नदीचं काय होतं यावर संशोधन करायचंय. कर्ज काढून जर्मनीत दुसरी मास्टर्स करू का?"

कर्ज काढू नकोस. इथे पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, दरमहा पगार मिळतो. जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के' असं दिसलं, तर त्या सरकारी वेतनश्रेणीतल्या पूर्ण पगाराचे ६५ टक्के मिळणार, असं समज. एकटीचं त्यात भागतं. काम मात्र पूर्ण वेळेचं धरून चाल. नेदरलँड्समध्येही असंच, करार साधारण चार वर्षांचा. बर्लिनची आयजीबी, झुरिकजवळची एआवाग आणि डेल्फ्टची आयएचई या पाण्यावर संशोधन करणाऱ्या तीन संस्थांच्या जाहिराती दर आठवड्याला बघत जा. एक गोष्ट आधीच सांगते: पीएचडीनंतरचे करारही दोन-तीन वर्षांचेच असतात. घरी हे आत्ताच बोलून ठेव.

काम भरपूर आहे. युरोपातल्या नद्यांवर किमान १२ लाख अडथळे आहेत, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यातले बहुतेक दोन मीटरपेक्षाही बुटके. फ्रान्सने सेल्यून नदीवरचं ३६ मीटर उंच वेझां धरण पाडलं. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढली आणि त्याच शरद ऋतूत सामन मासे वर पोचले. धरण पाडल्यावर साठलेला गाळ कुठे जातो, मासे किती दिवसांत परततात, हे मोजायला माणसं लागतात.

मी बंधाऱ्याशेजारच्या मत्स्यमार्गावर, म्हणजे माशांना बंधारा ओलांडता यावा म्हणून केलेल्या वाटेवर, काम करते. मे महिन्यात बार्बेल मासे अंडी घालायला वर चढतात. आपल्या खडशीच्याच कुळातले, तशाच मिशा. ओल्या हाताने मासा धरायचा, तांदळाच्या दाण्याएवढी खूणपट्टी पोटात घालायची आणि सोडायचा. तो वरच्या तारेच्या वेटोळ्यातून गेला की यंत्रात नोंद होते. काही मासे तीन-तीनदा येऊन खालूनच परत फिरतात. ती नोंद वाचताना अजूनही जीव तुटतो.

आता प्राध्यापकांना लिहायच्या पत्राबद्दल. मी पहिल्या वर्षी एकच पत्र नाव बदलून चाळीस जणांना पाठवलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मग वाशिष्ठीबद्दल लिहिलं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं आणि आमच्या चिपळूणला येतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही नदी वाहती असते. अशा नदीतल्या माशांना ऋतू कळतो कसा, एवढाच प्रश्न होता. आठवड्याभरात मुलाखत ठरली.

तू कऱ्हाडची. तेच पाणी एरवी तुझ्या प्रीतिसंगमावर आलं असतं. तेव्हा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र) आणि आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) शिकता शिकता नदीवर जा. म्हाताऱ्या भोयांना विचार, जाळ्यात पूर्वी काय लागायचं आणि कधीपासून लागेनासं झालं. गावाचं नाव आणि साल घालून वहीत उतरवून घे. त्यावर दोन परिच्छेद लिही आणि कुणालाही पाठवण्याआधी मला पाठव. रविवारी सकाळी मी निवांत असते.