बाळ काही सांगत नाही, मग ‘बेरा’ (BERA) या ऐकण्याच्या टेस्टमध्ये त्याला ऐकू येतं हे मशीनला कसं कळतं?

खानापूरहून बेळगावला बाळाला नेताय आणि ‘मेंदूला शॉक देतात का’ अशी धास्ती आहे, म्हणून आधी तेच सांगते: शॉक अजिबात नसतो. कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेले इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्या) फक्त मेंदूतली बारीक वीज टिपतात.

कानात बारीक टक् टक् आवाज सोडतात. प्रत्येक आवाजानंतर पहिल्या 10 मिलिसेकंदांत कानाची नस आणि मेंदूचा खालचा भाग विजेच्या लहरी उमटवतात, पण त्या 1 मायक्रोव्होल्टहूनही (व्होल्टचा दहा लाखावा भाग) कमी. मेंदूची नेहमीची खळबळ त्याच्या कित्येक पट. बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत कुणी हळूच हाक मारावी तसं. म्हणून तोच आवाज हजार-दोन हजार वेळा देऊन सरासरी काढतात. खळबळ दर वेळी वेगळी, ती एकमेकांत जिरते. उत्तर ठरल्या क्षणीच येतं, ते वर उठून दिसतं. या उत्तरात एकामागून एक लहरी असतात, त्यातली पाचवी सर्वांत ठळक. मग आवाज कमी करत ती पाचवी लहर कुठवर दिसते ते पाहतात, त्यावरून बाळाला किती हळू आवाज ऐकू येतो याचा अंदाज येतो.

बाळ झोपलेलं हवं, कारण स्नायूंचीही वीज नोंदीत मिसळते. माझी लेक बसमध्येच झोपली आणि तिथे टक्क जागी, दुसऱ्यांदा जावं लागलं. वाटेत बाळाला जागं ठेवा. झोपेचं औषध देणार असतील, तर पाजायचं केव्हा ते आधी विचारून घ्या.